सूत्रकृमी आणि केंद्रकावरणाचे विकार

रायगड जिल्ह्यातील पालीसारख्या गावी ज्येष्ठाच्या पावसाने परसात पडलेले आंबे-फणस कुजू लागले, की त्यांत जीवाणूंची वाढ होते आणि जीवाणूंवर जगणारे सूक्ष्म सूत्रकृमी तेथे वस्तीस येतात. ‘सीनोऱ्हॅब्डायटिस’ ही प्रजाती अशाच कुजक्या द्रव्यात वाढते. पाठ्यपुस्तकांनी तिला दीर्घकाळ ‘मातीतील कृमी’ म्हटले, ते तितकेसे बरोबर नव्हते. तिच्यातील एलिगन्स या जातीचा ब्रिस्टल येथील अळिंबीच्या खतातून मिळालेला वाण सिडनी ब्रेनर यांनी आनुवंशिकीच्या अभ्यासासाठी निवडला व १९७४ मध्ये त्यावरील आपला प्रसिद्ध प्रबंध लिहिला. हा प्राणी सुमारे एक मिलिमीटर लांब व पारदर्शक असून, त्याची एक पिढी सुमारे तीन दिवसांत पुरी होते. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात ९५९ कायिक केंद्रके असतात, आणि त्यांतील प्रत्येकाची वंशावळ ज्ञात आहे.

केंद्रकाच्या आवरणास आतून लॅमिन नावाच्या तंतुमय प्रथिनाचे अस्तर असते. मानवात लॅमिनांची तीन जनुके आहेत, कृमीत केवळ एकच. ते निष्प्रभ केल्यास केंद्रके वेडीवाकडी होतात, गुणसूत्रांची वाटणी बिघडते व भ्रूण मरतो. एमेरिन या आवरण-प्रथिनाची गोष्ट मात्र निराळी आहे. ते एकटे काढून टाकले तर कृमीस फारशी बाधा होत नाही. त्याचे सगोत्र दुसरे प्रथिनही काढले, तरच भ्रूण दगावतात. एक प्रथिन दुसऱ्याची उणीव भरून काढते, हे अशा दुहेरी प्रयोगावाचून समजले नसते.

एमरी-ड्रायफस या स्नायुक्षय-विकारात कोपर, घोटा व मान यांचे सांधे आखडतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. त्याचे कारण एमेरिनच्या जनुकात असल्याचे १९९४ मध्ये, तर काही कुटुंबांत लॅमिन-ए च्या जनुकात असल्याचे १९९९ मध्ये दिसून आले. परंतु लॅमिन जवळजवळ सर्वच पेशींत असताना झळ मुख्यतः स्नायूंस का लागावी? मानवी लॅमिनमधील ४५ व्या स्थानी टायरोसीनऐवजी सिस्टीन येते तो बदल कृमीच्या लॅमिनात ५९ व्या स्थानी घडवण्यात आला. त्याचा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. स्नायुपेशी तयार होताना जे स्नायु-जनुक केंद्रकाच्या कडेपासून सुटून आत यावयास हवे, ते कडेलाच अडकून राहिले. आतड्याच्या पेशींत हा दोष नव्हता. २०२० मध्ये त्याच कृमीतून कडेस धरून ठेवणारे सीईसी-४ हे प्रथिन काढले असता जनुक सुटले व स्नायूंचे कार्य सुधारले. रोगाचे मूळ केवळ आवरणाच्या दुर्बलतेत नसून जनुकांच्या चुकीच्या बंधनातही असावे, हा त्याचा अर्थ होय.

वार्धक्यातही सावध राहावे लागते. वृद्ध कृमीची केंद्रके सुरकुततात. चेतापेशींची मात्र बहुतांशी शाबूत राहतात. लॅमिनला मेदशृंखला जोडणाऱ्या विकराचा रोधक असलेल्या ग्लायोटॉक्सिनने हा आकार सुधारला, हालचालही वाढली, पण आयुष्य वाढले नाही. याच विकरावर कार्य करणारे लोनाफार्निब २०२० मध्ये अमेरिकेत अकालवार्धक्याच्या उपचारास मान्य झाले, ते रुग्ण बालकांवरील पाहणीच्या आधारे. कृमीत मानवासारखे स्वतंत्र लॅमिन-ए नाही, तेव्हा ती अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

भारतात हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात वीणा परनाईक यांनी सस्तन पेशींतील लॅमिनांवर प्रदीर्घ संशोधन केले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हा कृमी मुख्यतः चेतापेशींच्या अभ्यासासाठी वापरला गेला. या दोन परंपरा एकत्र आणण्यास वाव आहे. एलिगन्सचे प्रजनन २५ अंश सेल्सिअसच्या वर खालावते. ब्रिग्सी ही तिची सगोत्र जाती अधिक उष्णता सोसते, आणि तिचा सर्वाधिक अभ्यासलेला वाण अहमदाबादचाच आहे. कोकणातील वाण मिळवण्यास मोठी साधनेही लागत नाहीत. कुजक्या फळाचा तुकडा जीवाणू पसरलेल्या आगरच्या तबकडीवर ठेवावा. थोड्याच तासांत कृमी बाहेर सरपटू लागतात.