पुढून खडखड येते? शॉकअप बदलायच्या आधी हे बघा

शनिवारी काष्टीच्या बाजाराला आलेली गाडी गॅरेजला लागते आणि मालक म्हणतो, "शॉकअप गेलेत, बदलून टाका." थांबा. आधी चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा.

चाक वरून-खालून धरून हलवा. प्ले जाणवला तर पोराला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बहुतेक बॉल जॉइंट. असं असेल तर गाडी तशी सोडूच नका. जॉइंट निखळला की चालत्या गाडीचं चाक आडवं पडतं. डाव्या-उजव्या बाजूने हललं तर टाय रॉड एंड बघा.

काहीच हलत नाही, पण छोट्या खड्ड्यांवर वाजतंय? लिंक रॉड तपासा. शॉकअपपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. शॉकअपवर तेल ओघळलं असेल, नाहीतर दाबून सोडल्यावर गाडी झुलतच राहत असेल, तर दोन्ही बाजूंचे सोबत बदला.

लोअर आर्म बदलला तर बुशचे बोल्ट चाकांवर गाडीचं वजन आल्यावरच पक्के आवळा, मग अलाइनमेंट. हवेत आवळले तर बुश पिळलेला राहतो, लवकर फाटतो. सुरुवातीला मी हेच केलं होतं. गिऱ्हाईक दोन महिन्यांत परत आलं, दुसरा बुश माझ्या खिशातून गेला.