एकच टिक

बँकेत असताना मी कित्येकांचे कर्जाचे अर्ज परत पाठवले. ‘माल तयार कराल हो, पण विकणार कुठे?’ हा माझा ठरलेला प्रश्न. निवृत्तीनंतर तोच प्रश्न सौभाग्यवतींनी मला विचारला, तेव्हा मीही अर्जदारासारखा छताकडे पाहत बसलो. दोन प्रकाशकांनी कादंबरी साभार परत केली होती, तिसऱ्यानं पोचही दिली नव्हती. शेवटी ठेवीतले ब्याण्णव हजार मोडून पाचशे प्रती मीच छापल्या. गठ्ठे दिवाणाखाली गेले.

भाचीनं फेसबुकवर मुखपृष्ठ टाकून दिलं. दोन दिवसांत २१४ अंगठे, ‘अभिनंदन सर’ साठाच्या वर! आठवड्यानं हिशेब मांडला. प्रती गेल्या तीन, त्यातली एक व्याह्यांनी घेतलेली. बँकेत माणूस अंगठा उठवतो तेव्हा तो काही देणं लागतो. इथला अंगठा कुणालाच कशाला बांधत नाही, हे साठीनंतर कळलं.

मग व्हॉट्सअ‍ॅप. निवृत्तांच्या ग्रुपवर जाहिरातींना बंदी (सुप्रभातचे गुलाब मात्र चालतात). म्हणून भाचीनं ब्रॉडकास्ट यादी करून दिली. एका यादीत २५६ जण, निरोप एकदाच लिहायचा, पण प्रत्येकाला तो वेगळा मिळतो. मी बसून २५६ नावं भरली. जुने सहकारी, खातेदार, दोन निवृत्त विभागीय व्यवस्थापकसुद्धा.

संध्याकाळी पाहतो तर बहुतेकांपुढे एकच टिक. फोन बिघडला असं वाटलं. भाची म्हणाली, “काका, ज्यांनी तुमचा नंबर साठवून ठेवलाय, त्यांनाच हा निरोप पोचतो.”

खातेवह्या पडताळताना हजारो टिका मारल्या असतील मी, पण इतक्या बारकाईनं कधी पाहिलं नव्हतं. निरोप पोचले होते एकाहत्तर. ज्यांच्या शेजारी टेबल लावून बावीस वर्षं काढली, त्यांच्यापुढेही एकच टिक. रात्री जेवण गेलं नाही. पुस्तक खपत नव्हतं म्हणून नव्हे.

तिसऱ्या दिवशी मंगळवेढ्याहून फोन आला. तिथल्या शाखेत मी व्यवस्थापक असताना शिपाई असलेले मामा. मी ती शाखा सोडली २००६ साली. त्यांच्या फोनमध्ये मी अजून ‘मॅनेजर सायेब’ या नावानं आहे म्हणे.

“सायेब, त्यात मोटारीचं लिवलंय का?”

२००३ च्या दुष्काळात थकलेल्या कर्जापोटी आम्ही दोघांनी एकाच्या विहिरीवरची मोटार उचलून आणली होती. माझी कादंबरी तिथूनच सुरू होते. नावगाव बदललं आहे, पण मामांना ते सांगून काय उपयोग? “लिहिलंय,” म्हणालो.

पलीकडे थोडा वेळ शांतता. “मग दोन धाडा. एक त्यांच्या पोराला देतो. वाचतंय ते.”

सहाशे रुपये लगेच फोनवर आले. सवलत मागितली नाही, दिलेली घेतली नाही. छापील पुस्तकांसाठीची टपालाची स्वस्त रजिस्टर सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा कुरियरच करायचं ठरवलं. पहिल्या प्रतीवर मामांचं नाव लिहिलं. दुसरी उघडून बराच वेळ बसलो. ‘सप्रेम’ लिहवेना. नुसती सही केली, बँकेत करायचो तशी पूर्ण नावाची, आणि खाली तारीख घातली.