एक्सप्लेनर : मूल ‘ढ’ नाही, मग वाचताना अडखळते का? तिसरीतच लक्ष द्या, दहावीची वाट पाहू नका

छत्रपती संभाजीनगर : ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, किराणा दुकानातल्या सुट्या पैशांचा हिशेब चोख ठेवतो, पण धडा वाचायला उभा राहिला की ‘घ’ आणि ‘ध’मध्ये अडकतो. असे मूल वर्गात ‘ढ’ ठरते, घरी ‘आळशी’. अनेक पालकांची धावपळ सुरू होते ती थेट दहावीत, लेखनिक आणि जादा वेळेसाठी प्रमाणपत्र लागते तेव्हा. तोवर तिसरीपासूनची सात वर्षे हातची गेलेली असतात.

कायदा काय सांगतो?
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. स्वमग्नता आणि वाचन, लेखन, गणितातील अध्ययन अक्षमता त्यात आल्या. अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यानुसार शिकवणे ही सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांची जबाबदारी आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

तिसरीच का?
पहिली-दुसरीत अक्षरांची गल्लत बहुतेक मुले करतात. ती पुढेही राहिली तर मात्र तपासायला हवे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत शिक्षकांनी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी चाचपणी करावी, असे म्हटले होते.

तपासणी कुठे?
आधी डोळे आणि कान तपासून घ्या; अनेकदा अडचण तिथेच असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांत आणि अंगणवाड्यांत येते, त्यांना मुलाची अडचण सांगा. शहरात घाटी रुग्णालयात बालरोग आणि मनोविकार विभाग आहेत. यूडीआयडी कार्डासाठी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करता येतो.

शाळेकडे काय मागावे?
• पुढच्या बाकावर जागा, फळ्यावरचे उतरवायला जास्त वेळ
• लेखीऐवजी काही उत्तरे तोंडी देण्याची मुभा
• विशेष शिक्षकाची मदत. २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार प्राथमिकला अशा १० मुलांमागे, तर उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा.
• मूल शाळेत येऊच शकत नसेल इतके तीव्र दिव्यांगत्व असेल, तर गृहाधारित शिक्षण

घरी काय करावे?
• रोज १५-२० मिनिटे सोबत वाचा. एक ओळ तुम्ही, एक ओळ मुलाने.
• गृहपाठाचे छोटे तुकडे करा, मध्ये विश्रांती द्या.
• बाजाराची यादी, बसची पाटी, किराणाचे बिल वाचायला द्या.
• भावंडांशी तुलना टाळा.
• काय जमले, काय नाही, याची वही ठेवा. डॉक्टर आणि शिक्षक दोघांनाही ती उपयोगी पडते.

प्रमाणपत्र महत्त्वाचेच, पण ते परीक्षेत वेळ मिळवून देते; वाचायला शिकवत नाही. त्यासाठी हवी ती वेळेत मिळालेली मदत. म्हणून पुढच्या पालकसभेत ‘मार्क किती?’च्या आधी एक प्रश्न विचारा : ‘माझे मूल नेमके कुठे अडते?’