बेडी घालायची कुणाला?

बँकेत कर्जखाती सांभाळत असताना कंपन्यांचे करारनामे माझ्या टेबलावर यायचे. संचालक सह्या करत, मग यंत्राची मूठ दाबली की कागदावर कंपनीचा शिक्का उमटे. नवख्या कारकुनाला मी सांगे, ‘‘सह्या माणसांच्या असल्या, तरी कर्जदार हा शिक्का आहे.’’ संचालक येतात, जातात, कंपनी राहते. कायद्याच्या लेखी तीही ‘व्यक्ती’च.

मग या व्यक्तीने गुन्हा केला तर? तिला ना हात, ना पाय. प्रश्न थट्टेचा वाटेल, पण त्याने सर्वोच्च न्यायालयालाही कोड्यात टाकले होते. काही गुन्ह्यांना कैद आणि दंड अशा दोन्ही शिक्षा सक्तीच्या असतात. कंपनीला कैद करता येत नाही, म्हणून अशा गुन्ह्यांसाठी तिच्यावर खटलाच चालणार नाही, असा निकाल २००३ मध्ये लागला. म्हणजे गुन्हा गंभीर, तर कंपनी निर्धास्त! २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या परकीय चलन कायद्याखालील प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तो फिरवला. कैद शक्य नसेल तर दंड करा, पण खटला चालवा.

पण दंड किती? भोपाळ आठवा. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री विषारी वायूने हजारो संसार उद्ध्वस्त केले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोप सौम्य केला. त्याला जास्तीत जास्त दोन वर्षे कैद. ७ जून २०१० रोजी अधिकाऱ्यांना तेवढी शिक्षा झाली, त्याच दिवशी जामीनही मिळाला. युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीला दंड झाला सुमारे ५ लाख रुपये. एवढे कर्ज तर आम्ही लहान कारखानदाराला यंत्रासाठी देत असू.

नुसता दंड वाढवला तर त्याचा भार भागधारकांवर आणि कामगारांवर पडतो, हेही खरे. अमेरिकेत १९९१ पासूनच्या नियमावलीत न्यायालय गुन्ह्यातला नफा किंवा नुकसान मोजते; वरिष्ठ सामील होते का, गैरप्रकार रोखण्याची व्यवस्था होती का, हे पाहून दंड कमीजास्त करते. कंपनीला काही काळ आपल्या देखरेखीखालीही ठेवते.

मला हे पटते. आमच्याकडे काही कर्जदार दंडव्याज बिनतक्रार भरत आणि पुढच्या तिमाहीत तीच चूक करत. त्यांच्या वहीत तो एक खर्च होता. कंपनीची शिक्षाही खर्चाच्या रकान्यात मावली, तर मेलेल्यांच्या घरच्यांना आपण न्याय दिला, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?