लेकॉक : एव्हन नदीकांठचें एक गांव व त्यांतील सनद

इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत एव्हन नदीच्या कांठीं लेकॉक नांवाचें एक लहानसें गांव आहे. चार रस्त्यांच्या चौकोनांत वसलेलीं दगडी व लांकडी सांगाड्याचीं घरें, दशमांशाचें धान्य सांठविण्याचें जुनें कोठार आणि लोंकरीच्या व्यापारानें आलेल्या सुबत्तेच्या खुणा तेथें अद्यापि दिसतात. परंतु संशोधकांस हें गांव निराळ्या कारणानें महत्त्वाचें आहे. तें प्रस्तुत टिपणांत आम्ही थोडक्यांत सांगत आहों.

इ. स. १२३२ मध्यें सॉल्झबरीची विधवा काउंटेस एला हिनें येथें ख्रिस्ती जोगिणींचा मठ स्थापिला. पुढें तीच त्याची मठाधिकारिणी झाली. तत्पूर्वीं १२२५ त तिसऱ्या हेन्री राजानें 'मॅग्ना कार्टा' ही सनद पुनः देऊन तिच्या प्रती परगणोपरगणीं धाडिल्या होत्या. विल्टशरची प्रत या मठांत येऊन राहिली. ती परगण्याच्या नाइट लोकांनीं ठेव म्हणून ठेविली, असा शेरा तिच्या पाठीवर आहे. सनद मठाची नव्हे, परगण्याची; मठ केवळ राखणदार, हें त्या एका ओळीवरून कळतें.

१५३९ त मठ मोडला. विल्यम शॅरिंग्टन यानें ती वास्तु विकत घेऊन तिचा राहता वाडा केला व पुढें विवाहसंबंधानें ती टॅलबट घराण्याकडे गेली. धनी पालटले, धर्मपंथ पालटला. सनद मात्र जागची हलली नाहीं. याच वाड्यांत १८३५ त विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यानें एका जाळीदार खिडकीचें छायाचित्र घेतलें. कॅमेऱ्यानें घेतलेली व आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी उलटी प्रतिमा ती हीच. १८४४ पासून निघालेल्या आपल्या सचित्र ग्रंथांत त्यानें एका जुन्या छापील पृष्ठाची हुबेहूब नक्कलही दिली. सनद जपणाऱ्या घरांतच नकलेचें हें नवें साधन सिद्ध व्हावें, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

गांवांतील बहुतेक घरें एकाच घराण्याकडे असल्यामुळें त्याचें जुनें रूप टिकलें. १९४४ त माटिल्डा टॅलबट यांनीं वाडा व गांव नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केलें. सनदही त्यांनींच ब्रिटिश म्युझियमला दिली. आज ती ब्रिटिश लायब्ररींत आहे.

संग्राहकांनीं यावरून एवढेंच घ्यावें : कागदाची पाठ पाहिल्यावांचून तो वाचून झाला असें समजूं नये, आणि तो कोणत्या घरांतून, कोणाच्या हातून आला हें टिपल्यावांचून रुमालाची गांठ सोडूं नये.