दिल्लीची गच्ची आणि पावसाचे पाणी

कोकणातून दिल्लीस राहावयास आलेल्या मनुष्याला पहिल्याच पावसाळ्यात एका गोष्टीचे नवल वाटते. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. दिल्लीत त्याच्या जेमतेम पाव हिस्सा. तरीही तिकडचे कौलारू घर कोरडे राहते आणि इकडचे सिमेंटचे पक्के घर ठिबकू लागते! कारण उघड आहे. उतरते छप्पर पाण्याला थांबू देत नाही. गच्ची त्याला बसावयास जागा देते. शिवाय दिल्लीचा पाऊस थोडा असला तरी कधी कधी एकदम येतो. २८ जून २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सफदरजंग येथे २२८.१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. वर्षाच्या सरासरीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी ते!

परंतु खरा अपराधी पावसाहूनही ऊन आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो, स्लॅब दिवसा तापून पसरतो, रात्री आखडतो, आणि त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्यांतून झिरपलेले पाणी आतील लोखंडी सळईपर्यंत पोचले की ती गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो आणि एके दिवशी छताचा पोपडा खाली येतो. ओलीचा डाग हा केवळ रंगाचा प्रश्न नव्हे, तो असा.

जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते. 'गच्ची' हा आपला शब्दच फारसी 'गच', म्हणजे गिलाव्याचा चुना, यावरून आलेला आहे. विटांचे तुकडे व चुना यांचा थर गूळ आणि बेलफळ यांचे पाणी शिंपून दिवसचे दिवस चोपून काढीत. उत्तर हिंदुस्थानात दुसरी रीत रूढ झाली. स्लॅबवर डांबर, त्यावर भुसा मिसळलेल्या चिकणमातीचा जाड थर व वर विटांच्या पातळ फरश्या. हिला 'मड फुस्का' म्हणतात. ही रीत उन्हाळ्यात घर थंड ठेवते, हा तिचा मोठा गुण. पण दहा सेंटिमीटर मातीचे ओझे दर चौरस मीटरला दीडशे किलोंवर जाते, आणि गळती लागली की जुना थर न काढता त्यावरच नवा चढविण्याची आपल्याकडे खोड आहे.

अलीकडे आपोआप चिकटणारा डांबरी पडदा मिळू लागला आहे. बाजारात त्याला मेम्ब्रेन म्हणतात. जाडी सुमारे दीड मिलिमीटर, वजन चौरस मीटरला दोन किलोंच्या आसपास. रबर मिसळलेल्या डांबराच्या या पट्टीखालचा पातळ कागद सोलला की ती पृष्ठभागास चिकटते. गॅसची ज्योत लावावी लागत नाही. दाट वस्तीत हा लाभ लहान नव्हे. थंड देशांत तो वेगळ्याच शत्रूसाठी वापरतात. तेथे घरातील उबेने छपरावरचे बर्फ वितळते, ते पाणी गार वळचणीशी येऊन पुन्हा गोठते, त्याचा बांध होतो आणि मागे तुंबलेले पाणी आच्छादनाखालून उलटे चढते. अमेरिकेच्या गृहबांधणी नियमांत, जेथे असे बांध होतात तेथे, हा पडदा वळचणीपासून बाहेरच्या भिंतीच्या आत निदान २४ इंचांपर्यंत हवा, असे सांगितले आहे.

दिल्लीत बर्फ नाही, पण तुंबलेले पाणी तेच आहे. म्हणून प्रथम पन्हळीकडे उतार द्यावा. गच्ची व कठडा यांच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलाकार वाटा करावा. काटकोनात पडदा चिकटत नाही, फाटतो. पृष्ठभाग स्वच्छ व पूर्ण कोरडा हवा, कारण आत कोंडलेली ओल उन्हाने वाफ होऊन पडद्यास फोड आणते. मग प्रायमर लावून सखल बाजूकडून वर पट्ट्या चढवाव्यात, म्हणजे वरची पट्टी खालचीवर येईल. जोड निदान दहा सेंटिमीटरांचा असावा, आणि लोखंडी रूळ फिरवून तो दाबावा. कठड्यावर पडदा निदान १५ सेंटिमीटर चढवून त्याची कड खाचेत बसवावी. पन्हळीच्या तोंडाशी विशेष लक्ष द्यावे. माझ्या मते निम्म्या गळतीचे मूळ तेथेच सापडेल. हे काम मार्च किंवा ऑक्टोबरात उरकावे. जूनच्या उन्हात पडदा फार मऊ पडतो, आणि जानेवारीच्या पहाटे गच्चीवर दव असते.

पडदा ऊन मात्र सोसत नाही, आणि घर थंडही ठेवीत नाही. त्यावर फरशीचे किंवा उष्णतारोधक आच्छादन घालावेच लागते. तत्पूर्वी पन्हळी बंद करून दोन दिवस गच्चीवर पाणी उभे करावे व खालच्या छताकडे पाहत राहावे. कंत्राटदार घाई करील; त्याला थांबवावे. फरशी बसल्यानंतर आढळलेल्या गळतीचे मूळ शोधावयाचे, तर ती सगळी उखडावी लागते.