एक मराठी शब्द, दोन इंग्रजी

इंग्रजीतल्या ‘वेदर’ आणि ‘क्लायमेट’ या दोन्ही शब्दांना मराठीत सरसकट हवामान म्हणतात. घोळ तिथेच सुरू होतो. मे महिन्यात जळगावचा पारा एखाद्या दुपारी ४५ अंशांवर गेला, तर ते वेदर. खानदेशचा उन्हाळा पिढ्यान्‌पिढ्या कडक असतो, हे क्लायमेट. केळीच्या फळपीक विम्याच्या इंग्रजी नावात ‘वेदर’ येते ते यामुळेच: भरपाई त्या हंगामात नोंदलेल्या तापमानावर आणि वाऱ्यावर ठरते.

‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ हे दोन्ही आपल्याकडे ऐतिहासिकच. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात, फैजपूरला भरले. ती घटना हिस्टॉरिक, म्हणजे इतिहासात ठसा उमटवणारी. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील जुनी कागदपत्रे हिस्टॉरिकल, म्हणजे गतकाळाशी संबंधित. त्यातली धान्याची एखादी साधी पावतीही हिस्टॉरिकल ठरते, हिस्टॉरिक नव्हे. मथळे देणाऱ्यांना मात्र प्रत्येक उद्घाटन हिस्टॉरिकच वाटते.

‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांत फरक दिशेचा आहे. बँक पीककर्ज लेंड करते, शेतकरी ते बॉरो करतो. मुख्याध्यापक आणि तत्त्व या अर्थांचे दोन ‘प्रिन्सिपल’ उच्चाराने एकच. तिथे प्रश्न फक्त स्पेलिंगचा.

काही ठिकाणी उलट मराठीच नेमकी असते. रावेर-यावलच्या केळीबागेत घड, फणी आणि केळ यांची कोणी गल्लत करत नाही. इंग्रजीत घड म्हणजे ‘बंच’, फणी म्हणजे ‘हँड’, सुटे केळ म्हणजे ‘फिंगर’. फणीतून कापलेला, खोक्यात भरायचा छोटा झुबका तो ‘क्लस्टर’. परदेशी दुकानात पाच-सहा केळ्यांनाही बंच म्हणतात. त्यामुळे निर्यातीच्या कागदावर हा शब्द जपून लिहावा लागतो.

धरण आणि बंधारा यांचेही तसेच. तापीवरचे ४१ दरवाजांचे हतनूर हा ‘डॅम’. तो पाण्याचा साठा करतो. पांझरेवरचे फड बंधारे हे ‘वेअर’: नदीत आडवी बुटकी भिंत, तिने पाण्याची पातळी वाढते, पाणी पाटात वळते आणि उरलेले भिंतीवरून पुढे वाहते. त्यांना डॅम म्हटले, की परक्या वाचकाला तिथे नसलेला मोठा जलाशय दिसू लागतो. ‘के. टी. वेअर’ (कोल्हापूर पद्धतीचा बंधारा) हा शब्द गावोगावी रुळलेला असताना इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी फड बंधाऱ्यांनाही वेअरच म्हणावे.